दारात गिऱ्हाईकाची पिकअप, मागं जुनी मॅटाडोर : गॅरेजवाल्यानं दोन्ही कामं कशी सांभाळायची?

तासगाव : फेब्रुवारी म्हणजे द्राक्षाचा माल निघायचा महिना. पिकअप, छोटा टेम्पो, ट्रॅक्टर, जे चाकावर चालतं ते सगळं रस्त्यावर असतं. अशा ऐन घाईत एका गॅरेजच्या दारात एक पिकअप चार दिवस उभी होती. गिअरबॉक्स खाली उतरवलेला, नवी क्लचप्लेट खोक्यात तशीच पडलेली, आणि मिस्त्री मागच्या पत्र्याच्या शेडात जुन्या मॅटाडोरचा दरवाजा घासत बसलेला. गाडीमालक आला. त्यानं एकदा पुढं बघितलं, एकदा मागं बघितलं. "मिस्त्री, माझी गाडी चार दिवस झालं उघडी पडलीय, आन् तुमी ह्या भंगाराला आंघोळ घालताय व्हय?" एवढंच बोलला. संध्याकाळी दुसरा मिस्त्री घेऊन आला, सुटं सामान पोत्यात भरलं आणि गाडी ओढून घेऊन गेला.

गिऱ्हाईक बारा वर्षांचं जुनं होतं. त्याच्या भावकीतल्या आणखी तीन गाड्या याच गॅरेजात यायच्या. त्याही यायच्या बंद झाल्या.

गॅरेज लाईनमधल्या माणसाला ही गोष्ट नवी नाही. तालुक्याच्या गावात चार गॅरेजं फिरली तर एकाच्या तरी मागं एखादी जुनी गाडी उभी दिसते. कुठं जीप, कुठं पद्मिनी, कुठं मॅटाडोर. कुणी हौसेनं घेतलेली, कुणी उधारीच्या बदल्यात ठेवून घेतलेली, तर कुणाच्या वडिलांची. "सवडीनं करू" म्हणून आणलेली असते आणि त्या सवडीतच चाकं जमिनीत रुततात. जुनी गाडी उभी करणं चूक नाही. पण पोटाचं काम आणि हौसेचं काम एकाच छपराखाली, एकाच पान्यानं आणि एकाच खिशातून चालायला लागलं की दोन्ही बिघडतात. ते बिघडू नये म्हणून काय करायचं, हे नीट समजून घ्यायला पाहिजे.

मॅटाडोरचंच का एवढं?

आपल्या भागात चाळिशीच्या पुढच्या माणसाला मॅटाडोर सांगायला लागत नाही. शाळेची सहल, लग्नाचं वऱ्हाड, बँडपार्टी, आठवडी बाजाराचा भाजीपाला, दुधाचे कॅन, दवाखान्याला न्यायचा पेशंट, सगळं तिच्यातनंच गेलं. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीनं ती आकुर्डीच्या कारखान्यात बनवली. १९५८ साली सुरू झालेल्या या कंपनीचा करार जर्मनीतल्या टेम्पो कंपनीशी होता. मालवाहू गाडीला आपण सरसकट 'टेम्पो' म्हणतो, तो शब्द या नावावरनंच मराठीत आला आणि इथलाच झाला. २००५ पासून कंपनीचं नाव फोर्स मोटर्स आहे.

मॅटाडोरचं डिझेल इंजिन मर्सिडीजच्या आराखड्यावर परवाना घेऊन इथं बनवलेलं. याच कंपनीच्या पुढच्या ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर गाड्यांतही मर्सिडीजच्याच घराण्यातली इंजिनं आली. त्यामुळं इंजिनाचं काम जाणणारे मिस्त्री आणि लेथवाले आपल्याकडं अजून आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगला कारागीर गाठला तर बुश, पिन, ब्रॅकेट असल्या वस्तू नमुन्यावरनं करून मिळतात. अडचण इंजिनाची नाही. अडचण पत्र्याची, काचेची आणि रबराची आहे. दरवाजाची बीडिंग, समोरची काच, हेडलाईटची रिंग, सरकत्या खिडकीची खाच, या वस्तू दुकानात मागितल्या की दुकानदार आधी हसतो.

आणखी एक कारण आहे, ते मिस्त्री मंडळी उघड सांगत नाहीत. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांचं दुखणं कानानं कळत नाही, स्कॅनर लावावा लागतो. वीस-पंचवीस वर्षं नुसत्या आवाजावरनं टपेट ओळखणाऱ्या माणसाला लॅपटॉपपुढं बसल्यावर हात बांधल्यासारखं होतं. जुन्या मॅटाडोरला हात लावला की त्याला परत आपण मिस्त्री असल्यासारखं वाटतं. हे समजण्यासारखं आहे. पण स्कॅनरसाठी बाजूला काढलेले पैसे मॅटाडोरच्या पत्र्यात गेले, तर पुढच्या दोन वर्षांत दारात येणाऱ्या निम्म्या गाड्या परत पाठवायची वेळ येते. म्हणून स्कॅनर आधी आणि पत्रा नंतर, हा क्रम मोडू नये.

पहिला नट खोलायच्या आधी कागद

बहुतेक जण इथंच फसतात. गाडी भंगाराच्या भावात मिळाली म्हणून घेतात, सहा महिने खपतात आणि मग आरसी बुक शोधायला लागतात.

आधी 'पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात' हा व्हॉट्सॲपवरचा गैरसमज काढून टाकू. जुन्या गाड्यांवरच्या बंदीच्या ज्या बातम्या येतात त्या दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागाच्या असतात. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्यासाठी फॉर्म २५ भरून गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. मात्र फी आता जुनी राहिलेली नाही. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकी खाजगी गाडीला ती ५ हजार रुपये झाली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या हलक्या गाडीसाठी १० हजार करण्यात आली. पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि मुदत उलटून गेली असेल तर उशिराचा दंड, हे सगळं वेगळं. म्हणजे नुसती कागदावर जिवंत करायलाच चांगल्यापैकी रक्कम लागते.

गाडी मॅटाडोरसारखी जुनी असेल तर नंबर बघा. १९८९ च्या आधीच्या गाड्यांवर 'एमएच' आणि जिल्ह्याचा आकडा नसायचा, 'एम' पासून सुरू होणारी तीन अक्षरं असायची. अशा कित्येक गाड्यांची नोंद परिवहनच्या ऑनलाइन यंत्रणेत चढलेलीच नसते. मोबाईलवर नंबर टाकला आणि काही दिसलं नाही म्हणून गाडी बाद होत नाही. मूळ आरसी बुक हातात असेल तर आरटीओत अर्ज देऊन जुनी नोंद चढवून घेण्याची मागणी करता येते. मूळ बुकच नसेल आणि नंबरही यंत्रणेत दिसत नसेल, तर मात्र पुढं न जाणं बरं.

मूळ मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो. साध्या विक्रीला फॉर्म २९ आणि ३०. गावाकडं नुसत्या स्टॅम्पवर व्यवहार होतात आणि गाडी तीन हातांतून फिरते, नाव मात्र पहिल्याच माणसाचं राहतं. मग तो माणूस शोधायचा, त्याची तीन मुलं शोधायची, त्यातला एक पुण्याला, एक सुरतेला. हे काम वेल्डिंगपेक्षा अवघड आहे.

आणि चॅसी नंबर. गंज काढायच्या उत्साहात ग्राइंडर फिरवला आणि नंबर पुसला गेला, तर ती गाडी कायमची संशयाची झाली. म्हणून घासकाम सुरू करायच्या आधी नंबराच्या जागेवर कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घ्यावा, मोबाईलवर फोटो काढावा आणि त्या पट्टीवर ग्रीस लावून टेप मारून ठेवावी.

'व्हिंटेज' म्हणजे सगळ्याच जुन्या गाड्या नव्हेत

जुनी गाडी म्हणजे व्हिंटेज आणि व्हिंटेज म्हणजे लाखोंची, असा एक समज झाला आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्यानं नोंदणीला २० हजार रुपये, पुढच्या नोंदणीला ५ हजार, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात.

पण यात दोन गोष्टी नीट वाचायला हव्यात. चारचाकीत ही सवलत प्रवासी मोटारीच्या वर्गासाठी आहे, म्हणजे ड्रायव्हर सोडून जास्तीत जास्त आठ जण बसतील अशी, आणि तीही खाजगी वापराची. माल वाहणारी हौद्याची मॅटाडोर किंवा बारा-पंधरा जण बसणारी वऱ्हाडाची मॅटाडोर पन्नास वर्षांची असली तरी या व्याख्येत बसत नाही. दुसरी गोष्ट, व्हीए नंबरची गाडी रोज चालवता येत नाही आणि धंद्याला तर अजिबातच लावता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, डिझेल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. तेव्हा 'व्हिंटेज नंबर घेऊ आणि लग्नाला भाड्यानं देऊ' हा हिशेब कायद्यात बसत नाही. पांढऱ्या नंबरप्लेटची साधी खाजगी गाडीही भाड्यानं देता येत नाही.

हौद्याची गाडी बंद करून आत पलंग, गॅस शेगडी बसवून फिरायची गाडी करायची असेल, तरी तो बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही. रंग बदलला, इंजिन बदललं तरी आरसीवर नोंद लागते.

हे सगळं वाचून कुणाचा उत्साह गेला तर तो आत्ताच गेलेला चांगला. आठ महिन्यांनी गेला तर शेडात एक सांगाडा राहतो.

सगळ्यात महाग सुटा भाग : जागा

जुन्या गाडीचा खर्च विचारला की मिस्त्री पार्टचे आकडे सांगतो. पत्रा एवढा, रंग एवढा, टायर एवढे. जागेचा आकडा कुणी सांगत नाही.

समजा गॅरेजात तीन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा आहे. एका जागेवर दिवसाला दोन छोटी कामं होतात आणि प्रत्येकी ५०० रुपये मजुरी सुटते. म्हणजे ती जागा दिवसाला हजार रुपये मिळवते. जुनी गाडी त्या जागेवर आणून सगळी खोलली आणि ती दोनशे दिवस हलली नाही, तर दोन लाख रुपये बुडाले. कुणी चोरले नाहीत, वहीत कुठं दिसत नाहीत, पण बुडाले. आपापल्या गॅरेजचा आकडा घालून हा हिशेब करून बघावा.

म्हणून पहिला नियम असा की जुनी गाडी कामाच्या जागेवर कधीच खोलायची नाही. तिला मागं, बाजूला, चार पत्र्यांचं का होईना पण स्वतःचं छप्पर पाहिजे. आणि ती शक्यतो चाकांवर राहिली पाहिजे, म्हणजे वेळ पडली तर दोघांनी ढकलून हलवता येते. इंजिन, पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि सीट एकाच आठवड्यात काढून टाकणाऱ्यांच्या गाड्या क्वचितच पुऱ्या होतात. उघडायला दोन दिवस लागतात. जोडायला निघालं की कुठला नट कुठला हे आठवत नाही, तोवर हाताखालचा पोरगाही काम सोडून गेलेला असतो.

एका वेळी एकच भाग घ्यावा. ब्रेक घेतले तर ब्रेकच. व्हील सिलिंडर खोला, साफ करा, वॉशर किट टाका, पाईप बदला, हवा काढा, बंद करा. मग दुसरं. नट-बोल्ट गुटख्याच्या रिकाम्या डब्यात मिसळून टाकायची सवय मोडून प्रत्येक भागाची वेगळी पिशवी करायची आणि आत चिठ्ठी टाकायची. खोलायच्या आधी फोटो काढायचा. मोबाईल सगळ्यांकडं आहे, त्यात मेमरी लग्नाच्या व्हिडिओनं भरलेली असते, एवढीच अडचण.

डिझेलची टाकी मात्र घरच्या घरी वेल्डिंग करायला जाऊ नये. वर्षानुवर्षं रिकामी दिसणारी टाकी आतून वाफेनं भरलेली असते आणि ठिणगी पडली की फुटते. ती पूर्ण धुऊन, हे काम जाणणाऱ्याकडंच द्यावी. गाडीखाली जातानाही नुसत्या जॅकवर भरवसा नको. लोखंडी घोड्या लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही. गंजलेल्या चॅसीला जॅक लावला की तो पत्र्यातनं वर घुसतो.

पैसा : गिऱ्हाईकाचा ॲडव्हान्स आपला नसतो

त्या पिकअपवाल्याचं प्रकरण नुसतं वेळेचं नव्हतं. त्यानं सामानासाठी दिलेल्या ॲडव्हान्समधले काही पैसे मॅटाडोरच्या काचेत गेले होते. जुन्या बाजारात काच दिसली, परत मिळणार नाही म्हणून घेतली. क्लचप्लेट आली, पण प्रेशरप्लेट आणि बेअरिंगला पैसे उरले नाहीत. मिस्त्री ते चार दिवस कामचुकारपणानं मागं बसला नव्हता, पैशाची वाट बघत बसला होता. गिऱ्हाईकाला हे कोण सांगणार?

गॅरेजचा पैसा मुळात उधारीत असतो. "ऊसाचं बिल आलं की देतो" हे वाक्य आपल्या जिल्ह्यात पैशासारखं चालतं. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल द्यावं, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलं आहे. बिलं किती दिवसांत येतात ते ऊस घालणाऱ्याला विचारायला नको. कारखान्याकडं शेतकऱ्याचं अडकलं की शेतकऱ्याकडं मिस्त्रीचं अडकतं, आणि मिस्त्रीकडं पार्टच्या दुकानदाराचं. या साखळीत हौसेच्या गाडीला जागा नाही.

उपाय एकच आहे आणि तो साधा आहे. जुन्या गाडीला गिऱ्हाईक समजायचं. तिच्या नावाचं वेगळं पान, वेगळं खातं. बँकेत दुसरं बचत खातं उघडून त्याचा यूपीआय फोनमध्ये ठेवला तरी चालतं. महिन्याला धंद्यातनं खर्च, हप्ते, पोरांचा पगार, घरखर्च वजा जाऊन जे राहील त्यातली ठरलेली रक्कम त्या खात्यात. दोन हजार तर दोन हजार. खात्यात असेल तेवढंच सामान घ्यायचं. जुन्या बाजारात काच दिसली आणि खात्यात पैसे नसले तर काच सोडायची. मिस्त्री लोकांना हे जीवावर येतं, कारण तसलं सामान खरंच पुन्हा मिळत नाही. पण गिऱ्हाईक तरी कुठं पुन्हा मिळतं?

घरच्यांना या खात्याचा आकडा माहीत असावा. 'तुमची ती गाडी' म्हणून घरात जी भांडणं होतात, ती गाडीपायी कमी आणि लपवलेल्या खर्चापायी जास्त होतात.

पावसाळ्यात इंजिन, उन्हाळ्यात रंग

वेळेचं कोष्टक शहरातल्यासारखं 'रोज दोन तास' असं इथं चालत नाही. गॅरेजचं काम शेताच्या मागं धावतं. मे अखेर ते जूनचे पहिले पंधरा दिवस ट्रॅक्टरवाल्यांची झुंबड. दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच गाडी पाहिजे. ऊसाचा गाळप हंगाम लागला की वाळवा-पलूसकडच्या गॅरेजांना रात्र-दिवस कळत नाही, ट्रॉलीचे हुक तुटतात, टायर फुटतात. जानेवारीपासून इकडं द्राक्षं. त्यातनं सुटतोय तोवर एप्रिल-मेमध्ये लग्नसराई आणि देवाच्या जत्रा.

निवांतपणा मिळतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. नेमकी तेव्हाच हवा ओली असते. ओल्या हवेत रंग मारला तर तो धुरकट पांढरा पडतो, पत्रा घासून ठेवला तर दुसऱ्या दिवशी तांबूस होतो. म्हणजे सवड असते तेव्हा रंग चालत नाही आणि रंगाची हवा असते तेव्हा सवड नसते. जुन्या गाड्या अर्धवट राहण्यामागं हे मोठं कारण आहे.

यावर तोड म्हणजे कामाची वाटणी. पावसाळ्यात छपराखालची कामं घ्यायची : इंजिनाचं हेड, नोझल, पंप, वायरिंग, ब्रेक, सीटचं शिवणकाम. लेथवाल्याकडची गर्दीही तेव्हा कमी असते. पत्राकाम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थोडं थोडं, आणि घासलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी प्रायमर, उद्यावर ठेवायचं नाही. हंगाम लागला की गाडीवर ताडपत्री टाकून चार महिने तिच्याकडं बघायचंच नाही. फक्त दोन आठवड्यांतनं एकदा इंजिन चालू करून चाकं थोडी फिरवायची. रंगासाठी एप्रिलमधले सात-आठ दिवस आधीच राखून ठेवायचे, आणि सकाळी लवकर, वारा सुटायच्या आधी मारायचा.

हंगामाबाहेरच्या आठवड्यात बाजाराच्या सुट्टीचा अर्धा दिवस जुन्या गाडीला दिला तरी वर्षाकाठी बरंच काम होतं. मात्र अट अशी की पुढच्या बाजूला दिलेल्या शब्दाची एकही गाडी शिल्लक नसावी. 'शनिवारी देतो' म्हटलेली गाडी शनिवारी गेली, तर रविवारी मिस्त्री मॅटाडोरला पॉलिश मारू दे नाहीतर ओवाळू दे, कुणी बोलत नाही.

दुसऱ्याची जुनी गाडी आली तर

अलीकडं एक वेगळंच गिऱ्हाईक येतं. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेला मुलगा गावी येतो आणि म्हणतो, "काका, आमच्या आण्णांची मॅटाडोर होती तशी करून द्या, खर्चाचं बघू नका." खर्चाचं बघू नका म्हणणारा माणूस पुढं खर्चच बघतो, हा अनुभव आहे. त्यात त्याचीही चूक नसते. रंगाखाली किती गंज आहे हे घासल्याशिवाय मिस्त्रीलाही कळत नाही. हाताएवढं भोक दिसतं, पत्रा कापला की परातीएवढं निघतं.

त्यामुळं असलं काम उक्तं घेऊ नये. टप्प्यानं घ्यावं. पहिला टप्पा फक्त खोलणं, धुणं आणि तपासणं, त्याची मजुरी आधी. मग जे दिसलं त्याचे फोटो मालकाला पाठवायचे आणि पुढच्या टप्प्याचा आकडा सांगायचा. एका टप्प्याचे पैसे जमा झाल्याशिवाय दुसरा सुरू नाही. तीन महिने पैसे आले नाहीत तर जागेचं भाडं लागेल, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून सही घ्यावी. ओळखीच्या माणसाकडनं सही घ्यायला संकोच वाटतो, पण आण्णांची गाडी म्हणून भावनेनं आणलेली गाडी उघड्यावर टाकून मुलगा दोन वर्षं फिरकला नाही, तर ती भंगारातही घालता येत नाही. गाडी त्याच्या नावावर, अडचण मिस्त्रीच्या दारात.

अशा पैशाच्या कामाला मात्र आपल्या स्वतःच्या गाडीपेक्षा आधी नंबर द्यायचा, पण रोजच्या गिऱ्हाईकाच्या नंतर. ज्याची गाडी बंद पडली की त्याची त्या दिवसाची कमाई बुडते, त्याचा नंबर सगळ्यात वर. दूधवाला, भाजीवाला, शाळेची व्हॅन. आण्णांची मॅटाडोर पंधरा दिवस उशिरा झाली तर कुणाची चूल बंद पडत नाही.

जुन्या गाडीचा एक खरा फायदा आहे, तो पैशात मोजता येत नाही. हाताखालची पोरं तिच्यावर शिकतात. गिऱ्हाईकाच्या गाडीवर नवशिक्याला नोझल खोलू देता येत नाही, इथं देता येतं. डिझेल लाईननं हवा धरली तर कशी काढायची, टपेटला गेज किती, ब्रेक एका बाजूला का ओढतात, हे मोकळ्या वेळात जुन्या गाडीवर दाखवलं तर पोरगं दोन वर्षांत तयार होतं. मात्र पोरांचे तासही मोजावेत. पगार गिऱ्हाईकाच्या पैशातनं आणि काम मॅटाडोरवर, असं चाललं तर तोही गळतीचाच खर्च.

कधी सोडून द्यायची?

चॅसीच आडवी गंजली असेल, कागद जुळत नसतील किंवा दोन वर्षांत खात्यात दमडी जमली नसेल, तर गाडी विकलेली बरी. विकताना ती जोडलेल्या अवस्थेत असली तर चार पैसे जास्त येतात, पोत्यातली गाडी किलोवर जाते. भंगारात द्यायची तर सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्यावी. तिथं ठेव प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नवीन गाडीच्या करात सवलत मिळते, आणि नोंदणी रीतसर रद्द होते. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दिली आणि नंबर तसाच चालू राहिला, तर उद्या त्या नंबराचं काही झालं की पोलीस जुन्याच मालकाच्या दारात येतात.

पिकअप ओढून नेली त्या मिस्त्रीनं गाडी विकली नाही. ॲडव्हान्सचे उरलेले पैसे त्यानं त्या मालकाच्या घरी जाऊन परत दिले. गिऱ्हाईक अजून आलेलं नाही, पण त्याच्या भावकीतला एक ट्रॅक्टर जूनमध्ये आला. आता मॅटाडोर मागच्या शेडात चाकांवर उभी आहे. ब्रेक झालेत, इंजिन एका सेल्फला लागतं, डाव्या दरवाजाला नुसता प्रायमर आहे. रंगाला एप्रिल धरलाय, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या आठवड्याभोवती तेलकट बोटानं गोल केलेला आहे. त्याच कॅलेंडरवर त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत गिऱ्हाईकांच्या गाड्यांचे नंबर लिहून जागा उरलेली नाही.